घरच्या सरावासाठी परवडणारा इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट: कोणता घ्यावा? (फ्लॅटमध्ये राहतो, खाली माणसं आहेत)

मेथीची_जुडी | सोमवार, रात्री 9:40

मंडळी, लेक सातवीत आहे. वाशीला क्लासला ड्रम शिकते, आठवड्यातून दोनदा. तिथे खरा ॲकूस्टिक किट आहे. घरी मात्र उशी, पोळपाट आणि सोफ्याचा हात. सर म्हणतात, उशीवर हात तयार होतील पण पाय कधी तयार होणार? बरोबरच आहे त्यांचं.

आम्ही नेरूळला, सिडकोची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. हॉल 10 बाय 14, त्यात टीव्ही, दिवाण आणि सासूबाईंचं देवघर. खालच्या मजल्यावर आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, दुपारी झोपतात. माणूस सज्जन आहे, पण सज्जनपणाची परीक्षा बघायची इच्छा नाही.

बजेट 40 हजार. फारच ओढलं तर 45. प्रश्न असे:

रबरचे पॅड की जाळीचे? ब्लूटूथ हेडफोन घरात आहेत, ते चालतील का? सेकंडहँड घ्यावा का? आणि हेडफोन लावला म्हणजे खाली खरंच काही ऐकू जात नाही ना?

ताल म्हटलं की टाळ्यांच्या पुढे माझी गाडी जात नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

ताशेवाला | सोमवार, रात्री 10:05

मेश, म्हणजे जाळीचे पॅड. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. :)

कारणही सांगतो. रबरवर काडी मारली की 'टक्' असा कोरडा आवाज येतो. वाजवणाऱ्याच्या कानात हेडफोन असतो, त्याला काही कळत नाही. पण शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्याला वेड लागायची पाळी येते. मेशला हा आवाज बराच कमी. शिवाय मेश चावीने घट्ट-सैल करता येतं, त्यामुळे काडी किती उसळावी ते आपल्या हातात राहतं. रबर आहे तसंच राहतं, आणि तासभर वाजवलं की मनगटाला जाणवतं.

इतिहासाची आवड असेल तर: 80 च्या दशकाच्या सुरुवातीला सिमन्स कंपनीचे ते षटकोनी पॅड आले होते, दगडासारखे कडक. वादकांची मनगटं त्यावर दुखायची. जाळीचं कातडं रोलँडने रेमो कंपनीबरोबर 1997 च्या व्ही-ड्रम्समध्ये आणलं, आणि तेव्हा कुठे लोक इलेक्ट्रॉनिकला जरा गांभीर्याने घ्यायला लागले. तेव्हा ते श्रीमंतांचं काम होतं. आता तुमच्या बजेटात मिळतंय, तर रबरकडे कशाला बघायचं?

हार्बरलाईन | सोमवार, रात्री 10:50

ताशेवाल्यांशी नव्वद टक्के सहमत. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी हा प्रतिसाद.

तुमच्या बजेटच्या आसपास फिरणारी नावं मोजकी आहेत. अलेसिसचे टर्बो मेश, नायट्रो मेश आणि नायट्रो मॅक्स. यामाहाचा डीटीएक्स 402. रोलँडचे नवे किट तुमच्या आकड्याच्या वर जातील, ते जुन्यात शोधावे लागतील. भाव दुकानागणिक आणि सणागणिक हलतो, म्हणून आकडे लिहीत नाही.

टर्बो मेश सगळ्यात स्वस्त, पण त्याची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) म्हणजे स्विचसारखं पेडल. हातोडी नाही, पॅड नाही. शिकणाऱ्या पोराच्या पायाला त्यातून फारसं काही मिळत नाही. नायट्रो मेशला किकचा वेगळा टॉवर (हातोडी आपटायचा उभा पॅड) येतो आणि खरं साखळीचं पेडल येतं. स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) 8 इंची, दोन झोनची: मध्ये मारलं तर एक आवाज, कडेला मारलं तर रिमचा. मॅक्समध्ये स्नेअर 10 इंची झाली, आणि 8 आणि 10 मधला फरक कागदावर वाटतो त्यापेक्षा हाताला जास्त जाणवतो. क्लासला 14 इंची स्नेअरवर वाजवून घरी 8 इंचीवर आलं की पोरं निम्मे फटके कडेवर मारतात.

यामाहा 402 रबरचा आहे, आणि किटही दहाच साठवलेले. पण त्याची एक गोष्ट फ्लॅटवाल्यांच्या कामाची: किक पेडलला आपटणारी हातोडीच नाही. पाय दाबला की आवाज हेडफोनमध्ये, जमिनीला धक्का अगदी थोडा. शिवाय आतली सरावाची फंक्शन चांगली आहेत, तालात पुढे-मागे झालं की दाखवतो.

थोडक्यात तुमच्यापुढे पेच असा: हात सुखी हवा तर अलेसिस, आजोबा सुखी हवे तर यामाहा.

घणसोलीचा_बेंजो | सोमवार, रात्री 11:20

ताई, एवढा पसारा कशाला? ऑक्टोपॅड घ्या ना. आठ पॅड, एक स्टँड, झालं. वाजवून झालं की कपाटात. आमच्याकडे हळदीला दहा बाय दहाच्या स्टेजवर बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड सगळं मावतं, तुमच्या हॉलला काय धाड भरलीय? आणि पोरगी हातात आली की दर सीझनला सुपाऱ्या आहेतच. :D

हार्बरलाईन | सोमवार, रात्री 11:31

बेंजोशेठ, सुपारी कबूल, पण सरांनी पाय मागितलाय ना. ऑक्टोपॅडला किक आणि हाय-हॅटचं (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचं) पेडल बाहेरून जोडता येतं, पण तो खर्च धरला की पुन्हा तिथेच येतो. आणि टॉम (स्नेअरभोवतीचे बाकीचे ड्रम), स्नेअर, झांज यांच्या जागा वेगवेगळ्या उंचीवर असणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. आठ चौकोनांवर ती सवय लागत नाही.

घणसोलीचा_बेंजो | सोमवार, रात्री 11:38

पायाचं आधी बोलायचं ना मग.

स्लॅब_आणि_बीम | मंगळवार, सकाळी 7:15

धाग्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला, आणि खरा तोच आहे.

हेडफोन लावला की खाली ऐकू जात नाही, हे अर्धंच खरं. आवाज दोन वाटांनी जातो. एक हवेतून, ती वाट हेडफोनने बंद होते. दुसरी वाट बांधकामातून. पेडलची हातोडी किकच्या पॅडवर आपटते, टॉवरचे पाय लादीवर टेकलेले असतात, लादीखाली स्लॅब, आणि स्लॅबची खालची बाजू म्हणजे आजोबांच्या खोलीचं छत. खाली ढोलकी ऐकू येत नाही, 'धप्... धप्-धप्' असं ऐकू येतं. सूर नसलेला, कुठून येतो ते न कळणारा आवाज. माणसाला हा आवाज गाण्यापेक्षा जास्त छळतो.

त्यावर लोक काय करतात? भिंतींना फोम लावतात. अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होईल, धप्प्याला काडीचा फरक पडणार नाही. मुलांच्या खेळायच्या त्या रंगीत जोडणीच्या मॅट? माणूस बसला की त्या चपट्या होतात, आणि चपटी झालेली वस्तू धक्का गिळत नाही, पुढे ढकलते.

उपयोगाचा उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे: टेनिस बॉलवर तरंगती फळी. प्लायची 8 बाय 4 ची एक शीट घ्या, 18 एमएमची. दुकानातच मधून कापून घ्या, 4 बाय 4 च्या दोन फळ्या होतात. खालच्या फळीला सुताराकडून साधारण दोन इंची भोकं पाडून घ्या, त्यात टेनिस बॉल बसतात आणि घरंगळत नाहीत. वर दुसरी फळी नुसती ठेवायची. स्क्रू मारायचे नाहीत! दोन फळ्यांना जोडणारा एक स्क्रू पुरेसा आहे सगळी मेहनत पाण्यात घालायला. किकच्या आणि बसायच्या स्टुलाच्या खाली बॉल जवळजवळ, बाकी ठिकाणी विरळ. माणूस बसल्यावर बॉल थोडा दबलेला दिसला पाहिजे, पूर्ण चपटा नाही. वर एखादं जाड पायपुसणं किंवा कार्पेटचा तुकडा, म्हणजे टॉवर पुढे सरकत नाही. आणि फळी भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर धक्का भिंतीतून उतरतो.

जागा कुठली? हॉलच्या मधोमध नको. स्लॅब मध्यावर जास्त हलते, बीमच्या कडेला कमी. देवघर कुठल्या कोपऱ्यात आहे माहीत नाही, पण त्याच्यासमोरचा कोपरा मागून बघा.

मेथीची_जुडी | मंगळवार, सकाळी 8:50

देवघरासमोरचा कोपरा मागितला तर मलाच घराबाहेरच्या कोपऱ्यात बसावं लागेल. खिडकीशेजारचा मिळू शकतो, तिथे बीम आहे.

टेनिस बॉल नवे घ्यायचे? बरेच लागतील की.

स्लॅब_आणि_बीम | मंगळवार, सकाळी 9:05

नवे कशाला? सोसायटीतल्या क्रिकेटवाल्या पोरांना सांगा. केस गळालेले, टक्कल पडलेले बॉल त्यांच्याकडे पोतंभर असतात. फक्त फुटलेले, चीर गेलेले घेऊ नका, आणि सगळे सारख्याच ताकदीचे बघा. एक कडक एक मऊ झालं की फळी डुगडुगते.

कोपरीचा_कढीपत्ता | मंगळवार, दुपारी 1:10

ब्लूटूथ हेडफोन: नाही. ठाम नाही.

काडी पॅडवर पडते आणि आवाज कानात उशिरा पोचतो. गाणी ऐकताना कळत नाही, व्हिडिओत ॲप ते जुळवून घेतं, पण वाजवताना सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तरी ताल हातातून जातो. मुलगी नकळत फटका आधी मारायला शिकेल. वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. आणि नायट्रो मॅक्सच्या खोक्यावर ब्लूटूथ लिहिलेलं दिसलं म्हणून फसू नका, ते फोनवरचं गाणं मॉड्यूलमध्ये (किटचा आवाज तयार करणाऱ्या डब्यात) आणायला आहे.

आवाजही बेताचा ठेवायला लावा. ड्रम वाजवणारी पोरं हेडफोन कायम फुल्ल ठेवतात.

तलावपाळी | मंगळवार, संध्याकाळी 6:30

मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. इलेक्ट्रॉनिकवर शिकलेला हात मी ऐकलाय. हळू वाजवता येत नाही त्यांना! स्वस्त पॅडला हलका स्पर्श कळतच नाही, मग पोरगं प्रत्येक फटका हाणायला शिकतं. खऱ्या स्नेअरवर काडीच्या टोकाने जे कुजबुजल्यासारखे घोस्ट नोट वाजतात, ते या किटवर शोधून सापडणार नाहीत. त्यापेक्षा जुना ॲकूस्टिक किट घ्या, त्याला मेशची कातडी लावा, आणि झांजा त्या भोकाभोकांच्या, कमी आवाजाच्या. झिल्जनच्या एल 80 आहेत तशा. खरा आकार, खरी उंची, आवाज नावापुरता.

ताशेवाला | मंगळवार, संध्याकाळी 7:15

तलावपाळी, मुद्दा रास्त, उपाय महाग. त्या झांजांचा सेटच अर्धं बजेट खाईल. आणि 22 इंची बास ड्रम त्या हॉलमध्ये ठेवला तर दिवाण गच्चीवर न्यावा लागेल. वर हातोडीचा धप्पा आहेच, तो कुठे गेला?

हळू वाजवण्याचं मात्र खरं आहे. त्याला एक इलाज मॉड्यूलमध्येच असतो, लोक मॅन्युअल उघडत नाहीत म्हणून कळत नाही. प्रत्येक पॅडची सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड बदलता येतो. थ्रेशोल्ड म्हणजे किती हलका फटका मोजायचा त्याची खालची मर्यादा. तो हळूहळू खाली आणत जा. फार खाली नेला तर एक टॉम वाजवला की शेजारचाही बोलतो, कारण सगळे एकाच रॅकवर लटकलेले असतात. तिथून एक पायरी वर या आणि थांबा. पहिल्या रविवारी तासभर यात घाला, किट वेगळाच वाटेल.

आणि काहीही घेतलंत तरी एक साधा प्रॅक्टिस पॅड घ्याच. ताशात आमच्याकडे नव्या पोराला पहिले कित्येक दिवस नुसत्या काड्या चालवायला देतात, ताशा नंतर. तसंच हे. पॅराडिडल घालून द्या: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर. पहिला फटका ठसठशीत, बाकीचे तीन दबके. हे सारखं आलं की 65. दुपारी आजोबा झोपलेले असताना हे करता येतं, मांडीवर पॅड ठेवून.

खारघरची_टेकडी | मंगळवार, रात्री 10:20

सेकंडहँडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. भावाने मागच्या वर्षी ऑनलाईन जाहिरात बघून घेतला. विकणाऱ्याने सगळं वाजवून दाखवलं, फक्त हाय-हॅटचं पेडल दाबून दाखवलं नाही. घरी आणल्यावर हाय-हॅट कायम बंदच. सुटा पार्ट मिळवायला महिने गेले, आणि दुकानवाला दर वेळी 'पुढच्या आठवड्यात'. नाव घेत नाही, पण तेव्हापासून मी यादी करूनच जाते.

वाजवताना मॉड्यूलचा हेडफोनचा जॅक हळूच हलवा, खरखरला तर सोडून द्या. हाय-हॅट उघडा, अर्धा, बंद असं तिन्ही करून ऐका. झांजेची कड चिमटीत धरली की आवाज तुटला पाहिजे, क्रॅशला (मोठा 'छन्न' आवाज देणाऱ्या झांजेला) तरी. स्नेअरच्या जाळीवर मधोमध खळगा पडलाय का ते तिरक्या उजेडात बघा. एका फटक्याला दोन आवाज येतात का? आणि नायट्रोला सगळ्या वायरी एका जाड प्लगमधून मॉड्यूलच्या मागे जातात, त्या प्लगच्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हे टॉर्च मारून पाहा. तिथे बिघडलं तर एकदम सगळाच किट मुका.

रॅकचे प्लास्टिकचे क्लॅम्पही बघा. चिरलेला असेल तर टॉम वाजवता वाजवता खाली मान घालतो.

नौपाड्याचा_वडा | बुधवार, सकाळी 11:00

नवा घेणार असाल तरी आधी हात लावून या. फर्टाडोज धोबी तलावला आहे, 1865 सालचं जुनं दुकान. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं, नेरूळहून थेट हार्बर. मुलीला घेऊन जा आणि तिलाच बसू द्या, सेल्समनला नाही. सेल्समन वाजवतो तेव्हा कुठलाही किट भारी वाटतो.

आणि बजेटमधून थ्रोन (ड्रमवाल्याचं बसायचं स्टूल) वेगळा काढून ठेवा. बहुतेक किटबरोबर तो येत नाही, काठ्याही कधी येतात कधी नाही. डायनिंगची खुर्ची चालणार नाही. उंची जुळत नाही आणि हात मागे आदळतात. थ्रोन, हेडफोन, प्लाय, प्रॅक्टिस पॅड धरून पाच-सात हजार सहज जातात. म्हणजे किटसाठी तुमच्याकडे 40 नाहीत, 33-34 आहेत असंच धरून चला.

मेथीची_जुडी | बुधवार, दुपारी 12:15

हा शेवटचा हिशोब कोणी आधी सांगितला असता तर रात्रभर मॅक्सची स्वप्नं पाहिली नसती. :(

एक कायद्याचा प्रश्न. वेळेचं काय? सोसायटीत रात्री दहानंतर नको एवढंच ऐकलंय.

स्लॅब_आणि_बीम | बुधवार, दुपारी 1:40

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. खरा ड्रमकिट शंभराच्या वर जातो, तुमचा हेडफोनवाला किट यात कुठेच येत नाही. पण खालच्या माणसाला आकड्याशी देणंघेणं नसतं. सोसायटीच्या दुपारच्या शांततेची वेळ नोटीस बोर्डावर असेल ती पाळा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किट बसवलात की लेकीला वाजवायला बसवून तुम्ही स्वतः आजोबांच्या हॉलमध्ये जाऊन उभ्या राहा. त्यांच्यासमोर. फोनवरून 'येतोय का आवाज' विचारू नका, माणूस भिडेखातर नाही म्हणतो आणि मग सेक्रेटरीकडे जातो.

मेथीची_जुडी | पुढचा सोमवार, रात्री 9:10

अपडेट देते. शनिवारी दुकानात गेलो. लेक तिन्हीवर बसली. यामाहाचं पेडल दाबून म्हणाली, "आई, हे शिलाई मशीनसारखं आहे." तिथेच तो बाद झाला. मॅक्सची स्नेअर तिला आवडली, मलाही आवडली, किंमत आवडली नाही. नायट्रो मेश ठरला. थोडी घासाघीस केल्यावर थ्रोनवर सूट दिली, हेडफोन मात्र पूर्ण किमतीत.

प्लाय कापून आणलाय. सुताराला भोकं कशाला ते सांगितलं तर त्याने दोनदा विचारलं, "मॅडम, कबुतरांचं घर करताय का?" बॉल क्रिकेटवाल्या पोरांनी फुकट दिले, अट एकच: गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाला वाजवायचं.

काल संध्याकाळी खाली जाऊन उभी राहिले. फळी नसताना आजोबांच्या शोकेसमधली काचेची दारं बारीक थरथरत होती, खरंच धप्-धप् येत होतं. फळीवर ठेवल्यावर टीव्ही बंद करून कान दिला तरच कळतं. आजोबा म्हणाले, टीव्ही मी बंद करतच नाही.

आता एकच अडचण. किकचा टॉवर वाजवता वाजवता बोटभर पुढे सरकतो. पायपुसणं टाकलंय तरी.

ताशेवाला | पुढचा सोमवार, रात्री 9:25

अभिनंदन! टॉवरच्या पुढच्या पायांना टोकदार स्क्रू असतात, ते फिरवून बाहेर काढा, कार्पेटमध्ये रुततील. पायपुसण्याची पाठ रबरी असेल तर ते स्वतःच फळीवर सरकत नाही ना ते बघा. तरी सरकलंच तर टॉवरच्या पुढे प्लायची एक पट्टी वरच्या फळीला ठोकून घ्या, अडसर म्हणून.

स्लॅब_आणि_बीम | पुढचा सोमवार, रात्री 9:32

वरच्याच फळीला. खिळा खालच्या फळीपर्यंत जाईल इतका लांब घेऊ नका.

घणसोलीचा_बेंजो | पुढचा सोमवार, रात्री 9:50

गणपतीची सुपारी फुटली म्हणायची! कीबोर्डवाला लागला तर सांगा, नेरूळला येऊ.